कुंडी फिरवू नये

चावी देताना कापितोलिना येगोरोव्नाच्या बोटांना
स्पिरिटचा वास होता.
पिठ्या ढेकूण, ती म्हणाली. पानांच्या बगलेत बघ,
तिथंच दडतात मेले. कापसानं एकेक टिपायचा.
मग वहीचं एक पान माझ्या हातावर ठेवलं
आणि ऑपरेशनची पिशवी घेऊन
जिना उतरली, कठड्याला धरून,
जणू कोपऱ्यावरून पाव आणायला निघालीय.

मुर्मान्स्कमध्ये डिसेंबरात सूर्य उगवत नाही.
उशिरा नाही, थोडा नाही; उगवतच नाही.
दुपारी बाराला आभाळ जरा निळसर होतं,
कुणी दार किलकिलं करून
चुकलो म्हणत परत लावून घ्यावं तसं.
त्या चाळीस दिवसांत आमच्या इमारतीला
एकच खिडकी जांभळी पेटलेली असते, पाचव्या मजल्यावर.
बंदरात क्रेनच्या केबिनमधून मला ती दिसते.
बायका म्हणतात, म्हातारी विजेच्या बिलात बुडणार.

कागदावर होतं:
पाणी बर्फाचं. नळाचं नको.
बर्फ टेकडीवरचा. बंदराकडचा काळा असतो.
(कुणाच्या कोळशानं, ते लिहिलं नव्हतं.)
वितळला की एक रात्र हीटरपाशी ठेव. झाडालाही थंडी भरते.
पानं ओल्या फडक्यानं पूस, पोराचं तोंड पुसतात तशी.
मेडिनिलाला कळ्या आल्यात. कुंडी फिरवू नये.
आणि त्याखाली दोन रेघा.

ही मेडिनिला म्हणजे ताटाएवढी पानं, चौकोनी दांडा,
आणि खाली लोंबणारे गुलाबी घोस, अजून मिटलेले.
फिलिपिन्सच्या रानात म्हणे दुसऱ्या झाडाच्या फांदीवर राहते,
राहते फक्त, त्याचं काही खात नाही.
इथं ती उपड्या डब्यावर, काचेला तोंड लावून,
बाहेर उणे तेवीस.

सहाव्या दिवशी मला वाटलं,
या कळ्या कुणाकडे बघतायत? अंधाराकडे.
मी इथं चहा घेऊन बसलोय आणि माझ्याकडे पाठ.
कुंडीत एक जळकी काडी खोचलेली होती,
कचरा म्हणून ती मी आधीच काढून टाकली होती.
दोन्ही हातांनी धरली कुंडी. फिरवली.
संध्याकाळभर बघत बसलो.
खोटं कशाला सांगू, सुख वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहिली कळी पडली.
फरशीवर शर्टाचं बटण पडावं एवढाच आवाज.
मी घाईनं कुंडी परत वळवायला गेलो,
पण कुठवर? खूण होती ती काडी,
आणि काडी खाली कचऱ्याच्या गाडीत.
अंदाजानं वळवली. थोडी आणखी. थोडी मागे.
मग त्या धडाधड पडायला लागल्या.
सतरा. चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या.
त्यांना डिंक लावायचा विचारही
मी केला होता, अर्धा तास.

ती आली. कोट अंगात तसाच,
झाडाकडे नाही, आधी मातीकडे बघितलं.
काडी कुठंय?
मी सगळं सांगितलं. डबा सोडून.
ती एका हातानं कोटाची बटणं काढत राहिली,
दुसरा हात पोटावर, टाक्यांपाशी.
माझ्या नवऱ्यानं ऑर्किड फिरवलं होतं, म्हणाली.
मी दोन महिने बोलले नाही त्याच्याशी.
नंतर बोलायचं ठरवलं,
तर तो कुठं होता.

मग ओट्यावरून काडेपेटी घेतली,
एक काडी ओढली, जळू दिली, फुंकली,
आणि खिडकीच्या बाजूनं मातीत खोचली.
हं. आता हे तिचं पुढं.
चहा टाक.

जानेवारीच्या मध्यावर लोक टेकडीवर जातात,
परतलेला सूर्य बघायला. पोरं, थर्मास, पॅनकेक.
मीही गेलो. बादली घेऊन.
सगळे एका दिशेला तोंड करून उभे होते,
मी त्यांच्या पाठीमागे वाकून
स्वच्छ बर्फ शोधत होतो.